दारावर डकवलेला कागद

मंडळी, चवथीसाठी मुंबईहून घरी आलेले एक गृहस्थ माझ्या ऑफिसात आले आणि त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला. पावसानं शाई उतरलेली, मागच्या बाजूला खळीबरोबर दाराच्या हिरव्या रंगाचे पोपडे निघून आलेले. कोर्टाचं समन्स. फोंडा तालुक्यातल्या त्यांच्या कुलूपबंद घरावर ते डकवलेलं होतं आणि तारीख कधीच उलटून गेली होती. कुळागराच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागायतीच्या, वाट्याचा दावा एकतर्फी निकाली निघाला होता.

त्यांचा पहिला प्रश्न होता, "मी मुंबईला राहतो, मग फोंड्याच्या कोर्टाचा माझ्याशी संबंध काय?" संबंध जमिनीमुळे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १६ प्रमाणे स्थावराचा दावा स्थावर जिथं असेल तिथंच दाखल होतो. मालक मुंबईत असो की लिस्बनला. नुसत्या पैशांचा दावा असता तर प्रतिवादी कुठं राहतो किंवा व्यवहार कुठं घडला, हे बघितलं असतं.

पण दावा ऐकण्याचा अधिकार असला म्हणून प्रतिवादीला न कळवता त्याच्यावर हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा निकाल, लादता येत नाही. समन्स त्याच्या हातात पडलं पाहिजे. तो नसेल तर घरातल्या सज्ञान माणसाच्या हातात. घरचा नोकर त्यात धरत नाहीत. पुरेशी खटपट करूनही माणूस सापडला नाही, तरच दारावर डकवायचं. आणि बेलीफानं, म्हणजे समन्स बजावणाऱ्या कोर्टाच्या माणसानं, लिहून द्यायचं की कागद कुठल्या परिस्थितीत डकवला, घर कुणी दाखवलं, समोर कोण होतं.

मी तो अहवाल काढून वाचला. बेलीफ एकदाच गेला होता. शेजाऱ्याचं नाव नाही, मालक कधी येतात याची चौकशी नाही. कळल्यापासून तीस दिवसांच्या आत आम्ही अर्ज केला, एकतर्फी हुकूमनामा रद्द झाला आणि दावा नव्याने सुरू झाला.

मात्र यावरून कुणी चुकीचा अर्थ काढू नका. "समन्स घेतलंच नाही, म्हणजे मला लागू नाही," असं सांगणारे लोक मला दर वर्षी भेटतात आणि मला फार वाईट वाटतं. घ्यायला नकार देऊन पोस्टमनकडे परत पाठवलेलं समन्स कोर्ट बजावलेलं धरतं. कृपा करून कागद घ्या, सही करा, वकील गाठा.

मालमत्तेवर कोर्ट हात ठेवतं तेही असंच उघडपणे. जमिनीची जप्ती झाली की त्या जागेवर ढोल वाजवून किंवा रूढ पद्धतीनं हुकूम पुकारायचा, आणि प्रत जमिनीवर व कोर्टात लावायची. त्यानंतर मालकानं जमीन परस्पर विकली, तर जप्ती लावणाऱ्याच्या हक्कापुढं ती विक्री टिकत नाही.

आणि मालमत्ताच पळणारी असली तर? ८ फेब्रुवारी १९८४ ला 'एम. व्ही. एलिझाबेथ' हे परदेशी जहाज मुरगाव बंदरातून गोव्यातल्या एका कंपनीचा माल घेऊन, बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर घेतल्याची पावती, न देताच निघून गेलं. खरेदीदारानं पैसे दिले नव्हते, म्हणून त्याला माल देऊ नका असं कंपनीनं कळवलं होतं. तरी तो पोचता केला. मालक परदेशी, भारतात ना घर ना कचेरी. समन्स कुणाच्या दारावर डकवणार?

गोव्याच्या कंपनीनं आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात खुद्द जहाजावरच दावा लावला. १३ एप्रिलला ते विशाखापट्टणमला आलं आणि तिथं अटकेत पडलं. मग मालक आपण होऊन कोर्टात हजर झाले आणि १४ लाख २५ हजारांची बँक गॅरंटी देऊन त्यांनी ते सोडवलं. परदेशी मालकाच्या परदेशी जहाजावर भारतीय कोर्टाचा अधिकारच नाही, हा त्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २६ फेब्रुवारी १९९२ ला न्यायालयानं तो फेटाळला: आपल्या उच्च न्यायालयांचे अधिकार १८६१ च्या इंग्रजी सागरी कायद्यापाशी गोठलेले नाहीत. २०१७ साली आपल्या संसदेनंच सागरी दाव्यांचा स्वतंत्र कायदा केला. तोवर पंचवीस वर्षं बंदराबंदरातले व्यापारी मुरगावातून निघालेल्या त्या जहाजाच्या निकालावरच दावे लावत होते.