मोईनाचं पाणी दुधाळ असताना यीस्ट टाकू नका, परत सांगतोय

नमस्कार मंडळी. मोईना म्हणजे गोड्या पाण्यातली बारीक पाणपिसू, माशांना जिवंत खाऊ म्हणून आपण टबात वाढवतो ती. मागच्या व्हिडिओखाली दर दोन कमेंटनंतर एकच रडगाणं, "दादा तीन दिवस मस्त चाललं, चौथ्या दिवशी सगळे मोईना मेले." म्हणून आज फक्त तेवढंच. टब कुठला, स्टार्टर, म्हणजे सुरुवातीला सोडायचे मोईना किती, नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवायचं, हलकं एअरेशन, हे तुम्हाला येतं, पुढे चला.

आणि आर्टेमिया सोडून मोईनाच का? तर आर्टेमिया हा पण माशांचा जिवंत खाऊच, पण खाऱ्या पाण्यातला, आपल्या फायटर माशाच्या (बेट्टाच्या) गोड्या पाण्याच्या टँकमध्ये थोड्या वेळात मरून तळाला जातो. मोईना खाल्ला जाईपर्यंत पोहत राहतो, आणि त्याची पिल्लं ४०० मायक्रॉनच्याही, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्याही आतली. झालं.

आता यीस्ट. ४० लिटरच्या टबला १ ग्रॅम, फार तर दीड. ही बघा, एवढीशी. तुम्ही चमचा टाकता. कोमट पाण्यात विरघळवायचं, फडक्यातून गाळायचं, मग टाकायचं, कारण गुठळी राहिली की ती सरळ तळाला. काही यीस्ट मोईना थेट गाळून खातो, उरलेल्यावर बॅक्टेरिया तुटून पडतात. बॅक्टेरिया म्हणजे शत्रू नाहीत हं! शेणखत टाकून मोईना वाढवतात ते कल्चर चालतं तेच मुळात बॅक्टेरियावर, मोईना काय शेणाचे गोळे खात नाही. पण बॅक्टेरिया अनुकूल परिस्थितीत तासाभरात दुप्पट होतात आणि मोईनाच्या पिल्लाला स्वतःची पिल्लं द्यायला चार-पाच दिवस लागतात. पंगतीला माणसं दहा आणि भात शंभर जणांचा, तर उरलेला भात कोण खाणार? तोच खाणारा तुमचा ऑक्सिजन पण खातो.

मी पण ही माती खाल्लीय. मे महिन्यात गावाला लग्न होतं, दोन दिवस घरी कुणी नाही, म्हणून शहाणपणाने तीन दिवसांचं यीस्ट एकदम टाकून गेलो. परत आलो तर जिन्यातच वास. आई म्हणते, "गच्चीवर अंडी कुजलीत का कुणाची?" वर पांढरी साय, आणि तळाला ओला रवा सांडल्यासारखा थर. तो रवा म्हणजे माझे सगळे मोईना.

म्हणून पाणी दुधाळ असेल तर टाकू नका. कॅलेंडर बघून टाकू नका, "सकाळ झाली म्हणून" टाकू नका. हात घाला टबात. मनगटापर्यंत बुडाला की नखं दिसली नाहीत, तर आज उपास. कोपरापर्यंत घातला तरी बोटं स्पष्ट दिसतायत, तर खाणं संपलंय, टाका. मी हे मागच्या व्हिडिओत सांगितलं होतं, तरी खाली "दिवसातून किती वेळा टाकायचं" विचारणारे सतरा जण. अरे टब बघून टाका ना!

एकाने फोटो पाठवला, "सर माझे लालभडक झाले, एकदम हेल्दी." नाही हो. पाण्यात ऑक्सिजन कमी पडला की मोईना हिमोग्लोबिन वाढवतो, म्हणून लाल दिसतो. तसा लाल मोईना मासे आवडीने खातात, ती गोष्ट वेगळी, पण टब तुम्हाला दम लागला म्हणून सांगतोय आणि तुम्ही त्याला अजून यीस्ट घालताय.

दुसऱ्याने विचारलं, अँटिबायोटिक टाकू का. म्हणजे आधी मोईनाचं जेवण मारायचं आणि मग यीस्ट वाढवायचं? नको.

टब वासाला लागलाच तर अर्धं पाणी काढा, तळाचा गाळ सायफनने आधी, मग मुरवलेलं पाणी भरा, एअर वाढवा, आणि दोन दिवस काहीही टाकू नका. रोज पाव भाग मोईना काढत जा, गर्दी वाढवून ठेवलीत तर लाईट जाऊन एअर बंद पडल्यावर एका रात्रीत कारभार आटोपतो. पावसाळ्यात माझा एक टब असाच गेला.

आणि टब गेलाच तर पुन्हा सुरुवात करायला मोईनाची एक बाटली नेहमी बाजूला ठेवा. ही माझी, पाच लिटरची, स्वयंपाकघराच्या खिडकीतली. आई रोज विचारते, ही कधी फेकणार. आठ दिवसांत हिच्यात काही टाकलेलं नाही, उन्हाने आपोआप हिरवी झालीय. थांबा, मागून टॉर्च धरतो… दिसतायत का हलताना?