हिऱ्याचं पाणी पारखताना

[दृश्य: काउंटरवर काळी मखमल, तिच्यावर दोन सुटे हिरे]

दोन्ही हिरे एक-एक कॅरेटचे, म्हणजे 200 मिलिग्रॅमचे. दोन्हींचा रंग 'जी' (डी ते झेड या श्रेणीत डी म्हणजे रंगहीन, पुढे पिवळसर झाक वाढत जाते), क्लॅरिटी म्हणजे नितळपणा 'व्हीएस-2', दोष अगदी बारीक. कागदावर जुळी भावंडं. डोक्यावर स्पॉटलाइटची रांग आहे, त्यामुळे दोन्ही सारखेच लकाकतायत. या उजेडात काचसुद्धा लकाकते.

ट्रे खिडकीशी नेऊ. डावा हिरा अजून जिवंत आहे. उजव्याच्या मधोमध काळपट गोल दिसू लागला. तो डाग हिऱ्यात नाही, घडणीत आहे.

[दृश्य: हिऱ्याची बाजूने आकृती]

गोल ब्रिलियंट कटला 57 पैलू असतात, खालच्या टोकाला क्यूलेट हा बारीक पैलू ठेवला तर 58. वरचा सपाट पैलू म्हणजे टेबल, त्याखालचा उतार क्राउन, कंबरेची पट्टी गर्डल आणि खालचा निमुळता भाग पॅव्हेलियन. हिऱ्याचं पाणी ठरतं ते पॅव्हेलियनमध्ये. आत शिरलेला प्रकाश तिथल्या पैलूवर लंबापासून 24 अंशांहून जास्त तिरपा आपटला तर परत फिरतो. त्याहून सरळ आपटला तर आरपार निघून जातो. 1919 साली मार्सेल टोल्कोव्स्की यांनी याचं गणित मांडलं: टेबल हिऱ्याच्या व्यासाच्या 53 टक्के, क्राउन 34.5 अंश, पॅव्हेलियन 40.75 अंश. आज टेबल थोडं मोठं ठेवतात, 54 ते 58 टक्के. पॅव्हेलियनचा कोन मात्र 40.6 ते 41 च्या आसपास असलेलाच बरा.

पॅव्हेलियन फार खोल झालं की आपल्या उजव्या हिऱ्यासारखा मधला भाग काळवंडतो. फार उथळ झालं की टेबलाच्या आत गर्डलचं करडं कडं उमटतं, माशाच्या डोळ्यासारखं. मग असे हिरे घडवतात कशाला? वजनासाठी. कच्च्या खड्यातून जितकं वजन राखता येईल तितका पैसा. नीट घडवलेला एक कॅरेटचा हिरा साधारण 6.5 मिलिमीटर व्यासाचा भरतो. खोल पोटाचा, जाड गर्डलचा हिरा 6.2 वरच थांबतो. पैसे एक कॅरेटचे, दिसायला 90 सेंटचा, म्हणजे 0.90 कॅरेटचा. म्हणून वजनाच्या आधी मिलिमीटर विचारा.

जीआयए या अमेरिकी रत्नपरीक्षण संस्थेच्या अहवालात कट, म्हणजे घडण, 'एक्सलंट' असला, तरी कोन वाचाच. हा वर्ग बराच ऐसपैस आहे. शिवाय अहवालातले कोन सरासरी काढून जवळच्या आकड्यावर आणलेले असतात: क्राउनचा अर्ध्या अंशापर्यंत, पॅव्हेलियनचा 0.2 अंशापर्यंत. क्राउन आणि पॅव्हेलियन दोन्ही तीव्र उताराचे असले, तर 'एक्सलंट'मध्येही प्रकाश गळतो.

[दृश्य: दहापट भिंगातून हिरा]

भिंग डोळ्याला टेकवा आणि हिरा इंचभर अंतरावर आणा. त्याआधी तो पुसायला सांगा. हिऱ्याला बोटाचं तेल पटकन चिकटतं. अंतर्दोष किती, यापेक्षा कुठे आहे ते बघा. टेबलाखालचा काळा ठिपका आरशासारखा चार ठिकाणी दिसतो. कडेचा ठिपका हिरा धरून ठेवणाऱ्या कोंदणाच्या पंज्याखाली झाकला जातो. पण गर्डलपर्यंत पोचलेली पिसासारखी चीर नको, कारण कोंदणात बसवताना दाब तिथेच येतो. हिरा कठीण असला तरी विशिष्ट दिशांना सहज दुभंगतो. ऐरणीवर घण घालून पारखणं अभंगापुरतंच ठीक.

रंगावर उगाच खर्च नको. पिवळ्या सोन्यात 'जे' दर्जाचा रंगसुद्धा खपून जातो. प्लॅटिनममध्ये मात्र 'जी' किंवा 'एच' बरा.

[दृश्य: गर्डलवर लेसरने कोरलेला क्रमांक]

हा क्रमांक अहवालाशी ताडून बघा. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा रासायनिकदृष्ट्या हिराच असतो. काउंटरवरचं साधं उष्णतेचं यंत्र त्याला 'हिरा'च म्हणणार. नैसर्गिक की वाढवलेला, हे रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा अहवालच सांगतो.

आणि बिलावरचा हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा असतो, हिऱ्याचा नव्हे. अंगठीचं एकूण वजन 4.200 ग्रॅम आणि हिरा एक कॅरेटचा असेल, तर सोनं 4.000 ग्रॅमच. उरलेल्या 0.200 ग्रॅमला सोन्याचा भाव लागलेला नाही ना, ते पैसे देण्याआधी बघून घ्या.