आकाशातला ताणा

[दृश्य: जानेवारीतली रात्र. सोलापुरातल्या सिद्धेश्वर तलावाचं काळं पाणी, पलीकडे भुईकोट किल्ल्याचा तट.]

गड्डा यात्रेतले पाळणे थांबलेत. रात्रीचे साडेअकरा. या क्षणी तलावाच्या काठावर कुणी बारीक दोऱ्याला चुंबकाची सुई टांगली, तर ती उत्तर दाखवत स्वस्थ उभी राहिलेली दिसेल.

ती स्वस्थ नसते. सोलापुरात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४० हजार नॅनोटेस्ला आहे (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक), आणि काही रात्री त्यात एखाद-दुसऱ्या नॅनोटेस्लाची थरथर उमटते. एकेक हेलकावा ४० ते १५० सेकंदांचा. असे काही हेलकावे येतात आणि विरून जातात. डोळ्यांना कळत नाही, चुंबकमापकाला कळतं. या थरथरीला 'पीआय-टू स्पंदन' म्हणतात. महाराष्ट्रात अशा नोंदी ठेवणारी जुनी वेधशाळा अलिबागला आहे. ती मूळची कुलाब्याची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांचा प्रवाह उपकरणांना बिघडवणार, म्हणून १९०४ साली ती खाडीपलीकडे नेली. इतक्या हलक्या गोष्टी मोजायच्या, तर इतकं जपावं लागतं.

[दृश्य: यंत्रमागाचा खडखडाट. ताण्याची हजारो सुतं, मधून धावणारा धोटा.]

अक्कलकोट रस्त्यावरच्या एका कारखान्यात चादरीच्या मागावर उभ्या असलेल्या अण्णांना आम्ही विचारलं, सूत तुटणार हे आधी कळतं का?

"कळतंय की मालक. एकदम न्हाई तुटत. ताण वाढत जातोय, मग एक जातंय. लक्ष न्हाई दिलं, तर शेजारचीबी जातेत."

पृथ्वीच्या मागच्या, म्हणजे रात्रीच्या अंगाला अवकाशात जे घडतं आणि ज्यातून ही थरथर उठते, ते समजून घ्यायला हे वाक्य फार उपयोगी आहे.

[दृश्य: आरेखन. सूर्य, सौरवारा, पृथ्वीभोवतीचं चुंबकावरण.]

सूर्यावरून सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगानं प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, वाहत येतो. तो सौरवारा. त्याच्या रेट्यानं पृथ्वीचं चुंबकावरण, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्राचं कवच, दिवसाच्या बाजूला दबतं आणि रात्रीच्या बाजूला चंद्राच्याही पलीकडे शेपटीसारखं ओढलं जातं. सौरवाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे झुकलं, की ते दिवसाच्या बाजूच्या पृथ्वीच्या बलरेषांशी, म्हणजे चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या रेषांशी, जोडलं जातं, आणि वारा त्या रेषा ओढत शेपटीत नेऊन साठवतो. तासभर साठवण चालते. शेपटीच्या मधोमध विजेच्या प्रवाहाची एक चादर असते. वरच्या-खालच्या दाबानं ती पातळ होत जाते, पृथ्वीच्या त्रिज्येहूनही पातळ.

आता ती अस्थिर असते. अस्थिर म्हणजे काय? एरवी तिथे एखादी सुरकुती पडली, तर ती आपोआप मिटते. पातळ झालेल्या चादरीत तीच सुरकुती साठलेल्या ताणातून बळ घेते आणि वाढत जाते. कधी चादर जागोजागी फाटू पाहते. ही चिरफाळीची अस्थिरता. कधी वाकलेल्या रेषांमध्ये कोंडलेला गरम प्लाझ्मा बाहेर फुगे काढतो, ही फुगवट्याची. मागावरची उपमा इथवरच पुरते. तुटलेलं सूत अण्णांच्या हातानं सांधावं लागतं. बलरेषेला सुटं टोक नसतंच. विरुद्ध दिशेच्या दोन रेषा भिडतात, आपसात अदलाबदल करून नव्यानं जुळतात, आणि ताणलेला भाग गोफणीसारखा पृथ्वीकडे सुटतो. याला पुनर्जोडणी म्हणतात.

हेच चुंबकीय उपवादळ. भूभौतिकशास्त्रज्ञ स्युन-इची अकासोफू यांनी १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षातली, ठिकठिकाणी घेतलेली अख्ख्या आकाशाची छायाचित्रं जुळवून १९६४ साली त्याचा क्रम मांडला: ध्रुवीय प्रकाशाचा शांत पट्टा मध्यरात्रीच्या सुमारास अचानक उजळतो, ध्रुवाकडे उसळतो, आणि मग निवत जातो.

पण शेपटीत आधी काय होतं? पुनर्जोडणी, की पृथ्वीजवळचा प्रवाह खंडित होणं? यावर कित्येक वर्षं वाद चालला. म्हणून नासानं फेब्रुवारी २००७ मध्ये थेमिस मोहिमेची पाच यानं एकत्र सोडली. ठरावीक दिवसांनी ती शेपटीत एका रांगेत येत, आणि खाली कॅनडा-अलास्कात कॅमेरे आकाशाकडे लावलेले असत. २६ फेब्रुवारी २००८ ला उपवादळ सापडलं. चंद्राच्या वाटेवर सुमारे एक तृतीयांश अंतरावर आधी पुनर्जोडणी झाली. दीड मिनिटानं ध्रुवीय प्रकाश उजळला. पृथ्वीजवळचा प्रवाह त्यानंतर खंडित झाला. हा क्रम सगळ्यांनी मान्य केला असं नाही. मला मात्र ते दीड मिनिट अद्भुत वाटतं. लाखभर किलोमीटरवरच्या घटनांचा आगापिछा माणसानं सेकंदांत मोजला.

[दृश्य: माळरानावर उच्चदाब वाहिनीचे मनोरे, खाली ज्वारीचं रान.]

शेपटीत अडलेला प्रवाह बलरेषांवरून उतरतो आणि ध्रुवीय प्रदेशावर, १०० किलोमीटर उंचीवर, लाखो अँपिअरनं वाहतो. तो झटक्यात बदलला, की जमिनीवरच्या लांब तारांमध्ये प्रवाह उत्पन्न होतो. १३ मार्च १९८९ ला मोठ्या चुंबकीय वादळात असाच झटका बसला, आणि कॅनडातल्या क्विबेकचं वीजजाळं दीड मिनिटाच्या आत कोसळलं. ६० लाख लोक सुमारे ९ तास अंधारात होते. तिथल्या वाहिन्या ७३५ किलोव्होल्टच्या.

हे मनोरे ७६५ किलोव्होल्टच्या रायचूर-सोलापूर वाहिनीचे. ३१ डिसेंबर २०१३ ला ती सुरू झाली आणि दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. सोलापूर ध्रुवीय पट्ट्यापासून फार दूर आहे, त्यामुळे क्विबेकसारखा धोका इथे नाही. इथवर येते ती उपवादळाची पीआय-टू थरथर.

[दृश्य: पुन्हा तलाव. पाण्यावर दिव्यांचे ठिपके.]

सोलापूरच्या रेखांशावरून सरळ उत्तरेला गेलं, तर सायबेरियाचा गोठलेला किनारा लागतो. आपली मध्यरात्र तीच त्याचीही. तिथे आत्ता हिरवा पट्टा उसळला असेल, तर इथली सुई त्याच मिनिटांत थरथरली असेल. दोन-तीन तासांत उपवादळ ओसरेल. सौरवाऱ्याचं क्षेत्र अजून दक्षिणेकडेच झुकलेलं असलं, तर शेपटी पुन्हा ताणायला लागेल.