जव, जोंधळा आणि मका

श्रोतेहो, नमस्कार. धान्यांच्या नावांत मला सगळ्यात आवडतं ते जव. संस्कृतात यव. ऋग्वेदात हे नाव आहे. गहू आणि तांदूळ मात्र नंतरच्या वेदवाङ्मयात भेटतात. तिकडे दूर लिथुआनियन भाषेत ‘यावाय’ म्हणजे शेतातलं धान्य, आणि तो याच शब्दाचा भाऊ आहे.

पुढे आफ्रिकेतून एक नवं धान्य आलं. उंच ताट, वर गच्च भरलेलं कणीस, जवाशी तसं काहीच साम्य नाही. तरी नाव जवावरूनच पडलं. यवनाल, म्हणजे जवाचा दांडा, त्यावरून जोंधळा. आणि यवाकार, जवाच्या रूपाचा, त्यावरून जवारी, ज्वारी, अशी व्युत्पत्ती कोशांत सांगितली जाते.

भाताचा प्रवास तर उलटा, चुलीकडून शेताकडे. मूळ शब्द भक्त. ‘भज्’ म्हणजे वाटणे. वाट्याला आलेलं ते भक्त, मग जेवण, मग शिजवलेला तांदूळ. ‘भाग’ही त्याच धातूचा, आणि देवाचा भक्तही! नंतर हाच शब्द खाचरात उतरला. म्हणून लावणी भाताची, कापणीही भाताची. कांडून सडला की तांदूळ, आणि शिजला की पुन्हा भात. सातूचंही असंच झालं. सक्तु म्हणजे भाजलेल्या धान्याचं पीठ. मराठीत ते नाव थेट जवाच्या दाण्याला चिकटलं.

गव्हाचं मूळ गोधूम. त्यात गाय आणि धूर शोधण्याची खटपट मला पटत नाही. फारसीत गव्हाला ‘गंदुम’ म्हणतात. बाहेरून आलेला शब्द संस्कृताने ओळखीच्या दोन शब्दांत बसवून घेतला, असं अनेक भाषाअभ्यासकांचं मत आहे, आणि मला तेच खरं वाटतं.

राहिला मका. १४९२ नंतर तो अमेरिकेतून जगभर गेला. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा शब्द स्पॅनिशमधून इंग्रजीत ‘मेझ’ झाला. इटलीत मात्र त्याला ‘ग्रानोतुर्को’, म्हणजे तुर्की धान्य, म्हणू लागले. आणि खुद्द तुर्क काय म्हणतात? ‘मिसिर’, म्हणजे इजिप्त! मका मुळात या दोन्ही देशांचा नाही. तो मेक्सिकोचा. तिथे माणसाने सुमारे ९००० वर्षांपूर्वी एका रानटी गवतापासून तो घडवला.