वहीतलं पान

(किरणोत्सार मोजणाऱ्या काउंटरची टिकटिक. पाच सेकंद निवेदन नाही.)

हा फॉस्फरस-३२, किरणोत्सारी फॉस्फरस. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कानांनी शोधायचा. प्रयोग संपलाय, पण हातमोजे अजून उतरवलेले नाहीत. आधी काउंटर फिरतो: बोटांवरून, कोटाच्या बाह्यांवरून, टेबलावर अंथरलेल्या कागदावरून. जिथे टिकटिक वाढते, तो कागद डाग आत घेऊन दुमडायचा आणि थेट डब्यात टाकायचा.

डबा जाड, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा. शिशाचा का नाही? फॉस्फरसमधून सुटणारे बीटा कण शिशात अडले की क्ष-किरण निघतात. अ‍ॅक्रिलिकमध्ये कण थांबतात आणि क्ष-किरण फारच कमी होतात.

शेजारचा डबा गंधक-३५ चा. दोन्ही एकत्र करायचे नाहीत, कधीच नाहीत. फॉस्फरस सुमारे १४ दिवसांत निम्मा होतो, गंधकाला ८७ दिवस लागतात. एका पिशवीत गेले, तर अख्खी पिशवी गंधकासाठी अडून राहते.

आता ही चिठ्ठी. मूलद्रव्य, मात्रा, तारीख, सही. पिशवी कुलपाच्या खोलीत जाते आणि तिथे दहा अर्धायुष्यं, म्हणजे किरणोत्सार दहा वेळा निम्मा होईपर्यंत, थांबते. फॉस्फरसचे हे साधारण पाच महिने. तोवर मूळ किरणोत्साराचा हजारावा भागही उरत नाही. मग पुन्हा काउंटर, वहीत आकडा. किरणोत्साराचं तीन पात्यांचं चिन्ह पूर्ण खोडलं, की मगच पिशवी साध्या कचऱ्यात.

सगळा भरवसा या वहीवर आहे.

कारण कोबाल्ट-६० ला ही खोली पुरत नाही. त्याचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं. तो रीतसर परवानगीने पुरवठादाराकडे किंवा अधिकृत केंद्राकडेच जायला हवा. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं कोबाल्ट-६० असलेलं गॅमा यंत्र १९८५ पासून नुसतं पडून होतं. २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं आणि मायापुरीच्या भंगार बाजारात फोडलं गेलं. एक कामगार दगावला, बाकीचे रुग्णालयात दाखल झाले.

(मायापुरीची छायाचित्रं. निवेदन नाही.)

या प्रयोगशाळेच्या वहीत बंद पडलेल्या उपकरणांसाठी वेगळं पान आहे. किरणोत्सार सुरक्षा अधिकारी बदलला, की नवा अधिकारी प्रत्येक उपकरणासमोर जाऊन खात्री करतो, मगच कार्यभार घेतो. भंगाराच्या लिलावाची यादीसुद्धा त्याच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही. असं पान प्रत्येक विद्यापीठात, प्रत्येक विभागात हवं, आणि लिलावाच्या पुढच्या यादीआधी हवं.