‘मोबी-डिक’मधली वगळली जाणारी प्रकरणे

श्रोतेहो, नमस्कार.

हर्मन मेलव्हिलची ‘मोबी-डिक’ ही कादंबरी हाती घेणारा वाचक बहुधा आपला पाय तोडणाऱ्या पांढऱ्या देवमाशावर सूड उगवू पाहणाऱ्या कॅप्टन एहॅबची कथा वाचायला बसतो, आणि देवमाशांचे वर्गीकरण, दोरखंड, चरबी कढवण्याच्या भट्ट्या अशी प्रकरणे लागली की भराभर पाने उलटू लागतो. माझ्या मते पुस्तकाचा कणा याच प्रकरणांत आहे.

60वे प्रकरण पाहा. हार्पूनला, म्हणजे देवमाशावर फेकायच्या भाल्याला, बांधलेला 200 वावांहून (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) लांब दोर होडीत वेटोळे घालून ठेवलेला असतो. तो वल्हेकऱ्यांच्या मनगटांना जवळजवळ घासत पुढे जातो, आणि जखमी देवमासा पळू लागला की त्याचा एखादा पेच ज्याच्या अंगाभोवती पडेल तो माणूस समुद्रात ओढला जातो. मेलव्हिल हे शांतपणे समजावून सांगतो. पुढे 135व्या प्रकरणात तोच दोर एहॅबच्या गळ्याभोवती पडतो आणि सोबत्यांना कळायच्या आत तो नाहीसा होतो. तिथे लेखक एक-दोन वाक्यांतच थांबतो, कारण दोराची सगळी ओळख त्याने आधीच करून दिलेली असते.

हे ज्ञान त्याने कामातून मिळवले होते. 1819 साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या मेलव्हिलच्या वडिलांचा व्यापार बुडाला आणि तो 12 वर्षांचा असताना ते वारले. कारकुनी, शिक्षकी असे करत करत जानेवारी 1841 मध्ये तो ‘अकुश्नेट’ या व्हेलशिकारी जहाजावर खलाशी म्हणून चढला आणि सुमारे दीड वर्षाने प्रशांत महासागरातल्या मार्केसस बेटांवर पळून गेला. 1820 साली ‘एसेक्स’ हे जहाज एका स्पर्म व्हेलने धडक देऊन बुडवले होते. त्यातून वाचलेल्या ओवेन चेसचे निवेदन मेलव्हिलला भर समुद्रात, चेसच्याच मुलाकडून वाचायला मिळाले.

जे त्याने पाहिले नव्हते, तिथे मात्र त्याची भिस्त पुस्तकांवर होती. देवमाशाचे सर्वांत जुने हिंदू चित्रण घारापुरीच्या लेण्यांत, विष्णूच्या मत्स्यावताराच्या रूपात आहे, असे 55व्या प्रकरणातला निवेदक खुशाल सांगतो. शैव लेण्यांत त्याने मत्स्यावतार बसवला, याची गंमत मुंबईकर श्रोत्यांना सांगायला नको!

ऑक्टोबर 1851 मध्ये लंडनला निघालेल्या पहिल्या आवृत्तीत, जहाज बुडाल्यावर निवेदक कसा वाचला हे सांगणारा उपसंहार गाळला गेला होता. साहजिकच, जहाजासह सगळे बुडाले तर ही कथा सांगायला निवेदक उरला कसा, असे तिथल्या काही समीक्षकांनी विचारले. पुढच्याच महिन्यात आलेल्या अमेरिकन आवृत्तीत उपसंहार होता, तरी लेखकाच्या हयातीत तिच्या जेमतेम 3,000 हून थोड्या अधिक प्रती खपल्या. 1866 पासून 19 वर्षे मेलव्हिलने न्यूयॉर्क बंदरात जकात निरीक्षकाची नोकरी केली आणि 1891 मध्ये तो वारला. पुस्तकाची खरी कदर 1920 नंतर झाली. कथा, निबंध, नाटक यांची सरमिसळ तोपर्यंत वाचकांच्या अंगवळणी पडू लागली होती, हे त्याचे एक कारण असावे.

देवमाशांच्या वर्गीकरणाचे 32वे प्रकरण पहिल्या वाचनात जड जाते, हे मान्य; ते मागे ठेवले तरी चालेल. 96वे मात्र सोडू नका. त्यात देवमाशाची चरबी कढवणाऱ्या भट्टीला इंधन म्हणून त्याच्याच चरबीचे करपलेले तुकडे घातले जातात, आणि त्या ज्वाळांकडे टक लावून बसलेला सुकाणूवरचा निवेदक डुलकी लागून उलट्या तोंडाने फिरतो व जहाज उलटवण्याच्या बेतात येतो.