दारात बारमाही फूल हवं तर

हिवाळ्यात रोपवाटिकेत शेवंती लगडलेली असते आणि हात आधी तिच्याकडे जातो. पण शेवंती कळ्या धरते ती रात्री मोठ्या झाल्यावरच. हंगाम सरला की पुढचे कित्येक महिने नुसता पाला. दारात सतत फूल हवं असेल तर एक्झोरा, तगर, जास्वंद, अबोली, सदाफुली यांतून निवडावं. आणि रोपाआधी पाहावी आपली माती.

कोकणातल्या जांभ्या मातीत एक्झोरा फारशी निगा न राखताही गुच्छांनी भरतो. तोच चुनखडीच्या काळ्या मातीत लावला की काय होतं, ते त्याच्या पानांवर दिसतं. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, आणि तोही शेंड्याच्या कोवळ्या पानांत. ही लोहाची कमतरता. लोह मातीत असतं, पण चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. बोअरच्या जड पाण्याने दुखणं आणखी वाढतं. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरला १ ग्रॅम घेऊन फवारलं की नवी पालवी हिरवी येते, पण फवारणी पुन्हा पुन्हा करावी लागते. त्यापेक्षा एक्झोरा लाल माती भरून कुंडीत लावावा आणि जमिनीत तगर. तगर अर्ध्या सावलीतही फुलते.

जास्वंदीला रोज ५-६ तास ऊन हवंच. तिचं फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून थंडी ओसरताच फांद्या एक तृतीयांश छाटाव्यात. बिनधास्त छाटा. झाड हिरवंगार आणि फूल नाही, तर बहुतेक वेळा युरिया जास्त झालेला असतो. कळ्या गळत असतील तर देठाशी पाहा: कापसासारखा पांढरा थर आणि मुंग्यांची ये-जा दिसली, तर तो पिठ्या ढेकूण. त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला राखतात. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारावा. मग निंबोळी तेल लिटरला ५ मिली, त्यात थोडा पातळ साबण. फवारणी संध्याकाळी, आठवड्याने पुन्हा.

अबोलीची फुलून गेलेली कणसं खुडत राहावीत. ठेवली तर झाड बी धरतं आणि फूल मागे पडतं. वाळक्या बोंडावर पाणी पडलं की ते तडकन फुटतं, बी लांब उडतं.

सदाफुली उन्हात तगते, पावसात जाते. खोड बुंध्याशी काळं पडलं की ते रोप वाचत नाही. कुंडीत दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग जाड वाळू घालावी, आणि जून लागताच कुंडीखालची ताटली काढून ठेवावी.